आधी पोरीची उंची मोज, तिकिटांचं नंतर बघू

"ताई, आमची मुलगी दोन महिन्यांनी तीन वर्षांची होईल. नवरा म्हणतो तीनच्या आत नेलं तर तिचं तिकीट लागत नाही म्हणून आत्ताच थीम पार्कला जाऊन येऊ. आणि एवढं जायचंच तर दोन दिवसांचा पास, पार्कमधलंच हॉटेल आणि रांग चुकवायचा जादा पासपण घेऊ, म्हणजे पैसे वसूल. माझं म्हणणं, एवढ्याशा पोरीला काय कळणारे? आणि बजेट खरं तर एकाच दिवसाचं आहे. सासूबाईपण सोबत असतील, त्यांना राईडमध्ये बसायचं नाहीये. आत्ता जावं का थांबावं? आणि गेलोच तर कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे नाही? - एक गोंधळलेली आई"

अगं, तुझं पत्र वाचून पहिलं काय वाटलं सांगू का, तुमच्या घरातलं सगळं भांडण त्या एका फुकट तिकिटावरून सुरू झालंय आणि तेच तिकीट या अख्ख्या हिशोबात सगळ्यात किरकोळ आहे. तुम्ही चौघं जाणार, त्यातली तीन मोठी माणसं, त्यांची तिकिटं पूर्ण लागणार, प्रवास लागणार, राहणं लागणार, आणि तिचं एक लहान मुलाचं तिकीट वाचतंय म्हणून वर दुसरा दिवस, आतलं हॉटेल आणि जादा पास घ्यायचा? नवऱ्याला एकदा कागदावर आकडे मांडून दाखव, तोंडी सांगू नको, तोंडी सांगितलं की वाद होतो.

हा नियमसुद्धा सगळीकडे सारखा नाही बरं का. डिस्नेच्या फ्लोरिडा, कॅलिफोर्निया आणि पॅरिसच्या पार्कमध्ये तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पण टोकियोला चार वर्षं पूर्ण झाल्यावर तिकीट सुरू होतं. आणि बऱ्याच पार्कमध्ये वय बघतच नाहीत, थेट उंचीच्या पट्टीपाशी उभं करतात. म्हणजे उंच पोरगी असेल तर अडीच वर्षांची असली तरी तिकीट. त्यामुळे आधी तुम्ही ठरवलेल्या पार्कचा नियम त्यांच्याच साईटवर वाच, ओळखीतल्या कोणी सांगितलेला नको. वय धरत असतील तर बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या दिवशीचं वय धरतात, त्यामुळे जन्मतारखेचा पुरावा फोनमध्ये ठेव. (आणि दोन महिने उलटून गेल्यावर "अजून तीनची नाहीये" असं गेटवर सांगायचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर विसरा, या वयाची पोरं स्वतःचं वय बोटांवर दाखवून मोठ्याने सांगतात.)

आता खरा मुद्दा. उंची. दाराला टेकवून, चपला काढून, सेंटिमीटरमध्ये मोज आणि लिहून ठेव. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलीची मधली उंची साधारण 95 सेंटिमीटर आहे, चार वर्षांच्या मुलीची जवळपास 103 आणि पाच वर्षांची 109 च्या आसपास. म्हणजे अर्ध्या मुली याच्या वर, अर्ध्या खाली, तुझी कुठे आहे ते तुला कळेलच. आणि लहान मुलांच्या जरा धावत्या, जरा पोटात गोळा आणणाऱ्या राईडची अट बऱ्याच ठिकाणी 102 सेंटिमीटर म्हणजे 40 इंच असते, त्याच्या वरच्या मोठ्या रोलर कोस्टरची 122 आणि काही ठिकाणी 137 सुद्धा. तुझी पोरगी मधल्या उंचीची धरली तर 102 च्या फळीपाशी पोचायला तिला अजून वर्षभर आहे. आणि एकाच नावाची राईडसुद्धा दोन पार्कमध्ये वेगळी अट लावते, डिस्नेची स्पेस माउंटन कॅलिफोर्नियात 102 ला चालते आणि फ्लोरिडात 112 लागते, त्यामुळे "आमच्या भाचीला बसू दिलं होतं" याच्यावर जाऊ नको.

जाड तळव्याचे बूट घालून दोन सेंटिमीटर वाढवायचा प्रकार काही आईवडील करतात, प्लीज नको करू. ती अट कोणाला त्रास द्यायला नसते. मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरून येणारा पट्टा ठराविक मापाच्या अंगाला धरून बनवलेला असतो, त्याहून लहान पोर त्याच्यातून सरकू शकतं, आणि शिवाय झटका बसला तरी ताठ बसून राहायचं, हात आत ठेवायचे, हे कळायला आणि जमायला एक वय लागतं. गेटवरच्या माणसाशी घातलेला वाद कधीच जिंकता येत नाही आणि जिंकूही नये.

उंची कळली की पार्कच्या साईटवर जाऊन राईडची यादी काढ, बहुतेक ठिकाणी उंचीनुसार गाळून बघता येते. मग कागदावर लिही, ही एकटी बसू शकते, ही मोठ्या माणसासोबत बसू शकते, ही नाही. मेरी गो राउंड, छोटी आगगाडी, फिरणारे कप, संथ होडीची राईड, हे बहुतेक ठिकाणी कुठलीच अट न घालता मोठ्यांसोबत चालतं. डिस्नेची ती 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' होडी अशीच, 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवली होती आणि आजही तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसता येतं. तर या यादीत तिच्या नावावर सहा सात गोष्टीसुद्धा जमल्या नाहीत तर ते पार्क तिच्यासाठी नाहीये, ते तुझ्या नवऱ्यासाठी आहे. ज्यात काही चूक नाही, पण मग तसं मान्य करून जा, पोरीच्या नावावर बिल फाडू नका.

मग जावं का थांबावं? मी स्पष्टच सांगते. जाऊन येऊन एका दिवसात होण्यासारखं किंवा एखादी रात्र बाहेर काढून होण्यासारखं पार्क असेल तर आत्ता जा, एकच दिवस, आणि छोटं पार्क निवड. विमान, तीन चार रात्रींचं हॉटेल, सुट्ट्या असं सगळं लावून जायचं मोठं पार्क असेल तर थांब, ती 102 ओलांडेपर्यंत, म्हणजे साधारण चार साडेचारपर्यंत. तेव्हा तिचं तिकीट लागेल, लागू दे, तेव्हा ती अर्ध्याहून जास्त पार्क वापरेल, स्वतःच्या पायाने चालेल, दुपारच्या झोपेवाचून जरा निभावेल आणि शी-शूसाठी आधी सांगेल. एक तिकीट वाचवायला ज्या वयात जास्तीत जास्त गोष्टी बंद आहेत त्या वयात न्यायचं, हा हिशोब मला तरी पटत नाही.

"तिला काय कळणारे" याच्याशी मात्र मी सहमत नाही. लक्षात राहणार नाही हे खरं, मोठेपणी बहुतेकांना आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट साधारण तीन साडेतीन वर्षांच्या वयातलीच असते, त्याआधीचं पुसलं जातं. पण त्या दिवशी तिला मजा येणार ती येणारच ना. फक्त तिची मजा स्वस्त असते हे ध्यानात घे. ती मेरी गो राउंडवर चार वेळा बसेल, कारंज्यापाशी अर्धा तास काढेल, झाडू मारणाऱ्या गाडीच्या मागे पळेल. म्हणूनच लहान मुलांना धरून बनवलेली पार्कं या वयाला जास्त फायद्याची पडतात. लेगोलँड स्वतःच सांगतं की आम्ही दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहोत. नेदरलँड्सचं एफ्टेलिंग 1952 ला परीकथांच्या जंगलाने सुरू झालं, ते नुसतं चालत चालत बघायचं असतं, उंचीची पट्टी नाही की पट्टा नाही. आणि कोपनहेगनचं टिव्होली, 1843 पासूनचं, तिथे आत जायचं तिकीट वेगळं आणि राईडचं वेगळं. मी तुम्हाला तिकडे जा म्हणत नाहीये गं, नमुना सांगतेय. तुमच्या आवाक्यातल्या पार्कमध्ये प्रवेश आणि राईड वेगवेगळे मिळत असतील तर तुमच्यासारख्या कुटुंबाला तेच सगळ्यात स्वस्त, कारण तुमच्यातली एक व्यक्ती राईडला बसणारच नाही आणि दुसरी फार तर पाच सहा गोष्टींना बसेल.

दोन दिवसांचा पास नको. तीन वर्षांच्या पोरीला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच गेटवर उभं करणं म्हणजे तिच्यापेक्षा तुमचीच परीक्षा. रांग चुकवायचा पासपण नको, कारण तो मुख्यतः मोठ्या कोस्टरसाठी असतो जिथे ती बसणारच नाही, आणि छोट्यांच्या राईडच्या रांगा बऱ्याचदा तशाही लहान असतात. नवऱ्याला एखाद्या मोठ्या कोस्टरमध्ये बसायचंच असेल, आणि का बसू नये, तर त्याला दोन फुकटचे मार्ग आहेत. एक म्हणजे रायडर स्विच, काही ठिकाणी चाइल्ड स्वॅप म्हणतात, नाव काही असो. डिस्ने, युनिव्हर्सल अशा मोठ्या पार्कमध्ये असतं आणि इतरही बऱ्याच ठिकाणी असतं, फक्त विचारावं लागतं, कोणी आपणहून सांगत नाही. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगायचं की आमच्याबरोबर लहान मूल आहे, मग एक जण बसून येतो, दुसरा मुलीपाशी थांबतो आणि त्याची पाळी आली की त्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. दुसरा मार्ग सिंगल रायडरची रांग, म्हणजे रिकामी राहिलेली एकेक सीट भरायला एकट्या माणसांना पुढे घेतात, असेल तिथे पटकन नंबर लागतो. बायको शेजारी नसेल, चालेल त्याला.

तारीख ठरवताना शाळांच्या सुट्ट्या, वीकेंड आणि सणवार टाळ. तुझी पोरगी अजून शाळेत अडकलेली नाही, हा फायदा दोन तीन वर्षांत संपणार आहे, आत्ताच वापरून घे. मोठी पार्कं आता तारखेनुसार तिकिटाचे दर बदलतात, त्यामुळे मधल्या वारी गेलं तर तिकीटही कमी आणि गर्दीही कमी, दोन्ही एकदम. तिकीट पार्कच्या स्वतःच्या साईटवरून किंवा त्यांनी अधिकृत म्हणून नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घे. आणि पैसे भरायच्या आधी एक गोष्ट नक्की वाच, तारीख बदलता येते का. या वयाच्या पोरांना ताप नेमका आदल्या रात्री येतो. थोडं महाग पण तारीख बदलता येणारं तिकीट मिळत असेल तर तेच घे, इथे हात आखडू नको. पार्किंग, लॉकर आणि फोटोचं पॅकेज तिकिटात धरलेलं नसतं, ते पण बघून ठेव, आणि फोटोचं पॅकेज सोडूनच दे, फोन आहेत तुमच्याकडे तीन.

आता त्या दिवसाबद्दल, कारण पैसे खरे तिथे जातात. नवऱ्याची कल्पना असणार गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत थांबायचं. अर्धी बरोबर आहे. उघडायच्या आधी अर्धा तास गेटवर पोचा, पहिला दीड दोन तास सगळ्यात मोलाचा असतो, लोक पळत मोठ्या कोस्टरकडे जातात आणि छोट्यांचा भाग मोकळा मिळतो (काही पार्कमध्ये छोट्यांचा भाग उशिरा उघडतो, ते वेळापत्रकात बघून जा). जेवण अकरा साडेअकरालाच उरकून टाका म्हणजे एकच्या गर्दीत ताट घेऊन टेबल शोधत फिरावं लागत नाही. मग तिची झोप, स्ट्रोलरमध्ये म्हणजे बाबागाडीत, सावलीत. उठली की अजून दोन तीन गोष्टी, आणि साडेतीन चारला निघायचं. हो, आतिषबाजी बघायच्या आधीच. थकलेलं पोर किरकिर करायला लागलं की थकलेले आईबाप पाकीट उघडतात, आधी आईस्क्रीम, मग फुगा, मग लाईट लागणारं काहीतरी, मग बसने जायचं होतं ते टॅक्सी, मग रात्री स्वयंपाक किंवा डबा कोण उघडणार म्हणून बाहेरचं जेवण. संध्याकाळच्या त्या तीन चार तासांत जेवढा खर्च होतो तेवढा सकाळपासून झालेला नसतो. लवकर निघणं हीच तुझी सगळ्यात मोठी बचत, आणि नवऱ्याला ही गोष्ट आधीच, घरी असताना, चहा पिताना सांगून ठेव, गेटवर नको.

खाण्याचं प्रत्येक पार्कचं वेगळं. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमध्ये स्वतःचं खाणं आणि पाणी नेऊ देतात, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू नाही. पण बरीच पार्कं बाहेरचं खाणं गेटवरच काढून घेतात. अशा ठिकाणीही लहान मुलाचं खाणं आणि औषधं बहुधा सोडतात, आणि रिकामी पाण्याची बाटली आत भरून घेता येते, तरी आधी मेल करून विचारलेलं बरं आणि आलेलं उत्तर फोनमध्ये ठेवलेलं त्याहून बरं. बाहेर जाऊन परत आत येता येतं का हेही विचार, हातावर शिक्का मारून सोडत असतील तर डबा गाडीत ठेवून दुपारी तिथे जाऊन खाता येईल.

स्ट्रोलरवर बचत करू नको. "आता चालते की ती" असं वाटेल, पण तेवढं अंतर तिने आयुष्यात एका दिवसात चाललेलं नसेल, आणि ती नाही चालली तर चौदा किलो तुझ्या कमरेवर. घरचा हलका घडीचा असेल तर तोच ने, तिथे भाड्याने महाग पडतो. दोन जोड कपडे, टोपी, सनस्क्रीन, ओले वाइप्स, एक जुनी चादर. पाण्याचा भाग असेल तर पोहण्याचे कपडे घरूनच, कारण बऱ्याच वॉटर पार्कमध्ये साध्या सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत आणि मग तिथल्याच काउंटरवर भाड्याने किंवा विकत घ्यावं लागतं. डायपर अजून लागत असेल तर पाण्यातला वेगळा डायपर असतो तो घे.

आणि दुकानं. राईड संपते तिथे दार थेट खेळण्यांच्या दुकानात उघडतं, हे मुद्दामच केलेलं असतं, त्यामुळे तू मुद्दामच तयारीने जा. जिथे जायचंय तिथलंच एखादं पात्र किंवा प्राणी आवडत असेल तर तसलं छोटं खेळणं आधीच घरून घेऊन पर्समध्ये ठेव, आणि ती दुकानात आडवी पडायच्या बेतात आली की काढ. तीन वर्षांच्या पोरीला ते कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तिला आदल्या आठवड्यात राईडचे व्हिडिओ दाखव, खासकरून अंधारातल्या आणि मोठ्या आवाजाच्या. मोठ्या डोक्याची ती पात्रं टीव्हीवर गोड दिसतात, समोर आली की अर्धी पोरं किंचाळत आईच्या मागे लपतात. घाबरली तर ढकलू नको, फोटोसाठी तर अजिबातच नको. सकाळी गेटवर तिचा उभा फोटो काढून ठेव म्हणजे हरवली तर आज कुठले कपडे घातलेत हे आठवत बसायला नको, आणि मनगटावर तुमचा फोन नंबर पेनाने लिही.

राहिलं हॉटेल. एका दिवसाच्या ट्रिपला पार्कमधलं हॉटेल कशाला? बाहेरचं, पण पार्कपासून जवळचं बघ. फार लांबचं स्वस्त हॉटेल घेतलंस तर वाचलेले पैसे येण्याजाण्यात जातात आणि पहाटे उठवलेली पोरगी गेटवरच झोपते.

सासूबाईंचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यांना राईडला बसायचं नाही म्हणजे सगळ्यांच्या बॅगा सांभाळत दिवसभर बाकावर बसायचं असं गृहीत धरू नका, तुमच्या डोक्यात तसं नसेलही, पण होतं तसंच. न बसणाऱ्यांसाठी किंवा ज्येष्ठांसाठी कमी दराचं तिकीट आहे का ते विचार, काही पार्कमध्ये असतं, ओळखपत्र मागतात. बॅगा लॉकरमध्ये टाका, तेवढा खर्च करा. शो, परेड, बागेतली छोटी आगगाडी, होडी हे त्यांना विचारून यादीत घाला, यातलं बरंचसं पोरीच्या यादीतही आहेच, तेव्हा दोघींची जोडी आपोआप जमते. आणि पोरगी झोपली असेल तेव्हा तासभर त्या तिच्यापाशी बसायला तयार असतील तर तुम्ही दोघं त्या मोठ्या कोस्टरला जाऊन या. पण हे त्यांना आधी विचारून, आणि जागत्या, पळत्या पोरीला त्यांच्यावर सोडून अजिबात नाही, गर्दीत तीन वर्षांचं पोर पकडणं तुला मला जमत नाही तर त्यांना कुठून जमणार. त्या नको म्हणाल्या तर रायडर स्विच आहेच.